होडी दिली, खलाशी कुठून आणायचे?

२००५ च्या जानेवारीत आमच्या ऑफिसात एक पत्रक आलं. त्सुनामीत सगळं गमावलेल्या मच्छीमारांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं. (संस्थेचं नाव सांगत नाही, जे झालं त्यात ती एकटी नव्हती.) पत्रकाच्या तळाशी तीन चौकोन होते: होडी, जाळी, आणि 'संस्थेला योग्य वाटेल त्या कामासाठी'. आम्ही सतरा जणांनी मिळून पैसे काढले होते. तिसरा चौकोन बघून एकजण म्हणाला, "म्हणजे यांच्या जीपचं डिझेल." सगळे हसलो आणि होडीवर टिक केली. दोन मिनिटंही लागली नसतील.

हे त्या दोन मिनिटांचं प्रकरण. आमच्यासारख्याच कितीतरी ऑफिसांनी, शाळांनी, मंडळांनी, देशातल्या आणि देशाबाहेरच्याही, त्या महिन्यात होडीच पसंत केली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, विशेषतः नागपट्टिणम जिल्ह्यात, त्या पसंतीचं पुढे काय झालं ते बऱ्यापैकी नोंदलेलं आहे. मी ते वाचलं फार उशिरा.

घटना सगळ्यांना ठाऊक आहे. २६ डिसेंबर २००४, रविवार. सुमात्राजवळ समुद्रतळाशी ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि दोन-अडीच तासांत लाटा तमिळ किनाऱ्यावर येऊन धडकल्या. नाताळचा दुसरा दिवस, त्यामुळे वेलंकन्नी या ख्रिस्ती तीर्थक्षेत्री यात्रेकरूंची गर्दी होती. भारतात दहा हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातली सुमारे ६ हजार एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात. बंदराला लागून असलेल्या अक्कराइपेट्टै आणि कीचनकुप्पम या कोळ्यांच्या गावांना जबर तडाखा बसला. मोठ्या यांत्रिक बोटी बंदरातून उचलल्या जाऊन रस्त्यावर येऊन पडल्या होत्या. टीव्हीवर दिवसभर तीच दृश्यं.

पहिली मदत मात्र टीव्ही बघून आलेली नव्हती. शेजारच्या गावांतून आली. कडलूर जिल्ह्यातल्या परंगिपेट्टैच्या मुस्लिम जमातीने मच्छीमारांना जेवू घातलं, प्रेतं काढायला हात दिला. त्यांना कुणी आवाहन केलं नव्हतं, पावती फाडली नव्हती. वाळूतून, झुडपांतून प्रेतं बाहेर काढण्याचं सगळ्यात अवघड काम ज्यांच्या वाट्याला आलं त्यांत ठिकठिकाणच्या पालिकांमधून आणलेले सफाई कामगार होते. दानाच्या हिशेबात हे श्रम कुठेच धरले जात नाहीत.

मग ट्रक आले. त्या ट्रकांतल्या एका पिशवीत माझा स्वेटर होता.

हे लाजिरवाणं आहे, पण सांगितलं पाहिजे. कपाटाचा खालचा कप्पा मोकळा केला, त्यात एक मरून रंगाचा, कोपराला विरलेला लोकरी स्वेटर निघाला, तो घडी घालून पिशवीत टाकला. बंगालच्या उपसागराच्या काठावर, जिथे ऐन डिसेंबरातही लोकरीला हात लावावा लागत नाही, तिथे हा स्वेटर कोण घालणार, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. माझ्या डोळ्यांसमोर थंडीत कुडकुडणारा गरीब होता. तो कुठल्या तरी पोस्टरवरचा असावा, नागपट्टिणमचा नक्कीच नव्हता. जुन्या कपड्यांचे ढीग तिथे रस्त्याच्या कडेला पडून राहिले, पावसात भिजले, काही जाळावे लागले. लोकांनी ते उचलले नाहीत. नाकारणारे हे लोक आदल्या आठवड्यापर्यंत स्वतःच्या कमाईवर जगत होते, बाजारातून नवं लुगडं आणत होते. दुसऱ्याचा उतरलेला सदरा घ्यायची सवय त्यांना नव्हती. 'गूंज' ही संस्था १९९९ पासून शहरांतले जुने कपडे निवडून, धुऊन, दुरुस्त करून गावांपर्यंत पोचवायचं काम करत होती. त्सुनामीनंतर उरलेल्या या ढिगांतले कपडे तिने उचलले आणि निवडून दुसरीकडे उपयोगात आणले. म्हणजे आम्ही कप्पे मोकळे केले आणि तो कचरा निवडायला कुणाचे तरी महिने गेले.

कपड्यांचं तसं लवकर ध्यानात येतं, कारण ढीग दिसतो. होड्यांचं ध्यानात यायला वेळ लागला.

लाटेपूर्वी या किनाऱ्यावरच्या लहान मच्छीमाराचं मुख्य वाहन होतं कट्टुमरम. तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. इंग्रजीतला 'कॅटमरॅन' यातूनच निघाला. हलक्या लाकडाचे चार-पाच ओंडके दोरांनी आवळून बांधायचे, दोघा-तिघांनी लाटा फोडत बाहेर पडायचं, परत आल्यावर दोर सोडून ओंडके वाळूवर सुकत टाकायचे. त्याच्या वरच्या पायरीवर फायबरच्या होड्या, इंजिन लावलेल्या, चार-पाच माणसं लागणाऱ्या. त्या नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून वाढू लागल्या होत्या. आणि सगळ्यांत वर बंदरातल्या यांत्रिक बोटी. गावात मालक थोडे, खलाशी बरेच. मासळीची विक्री झाली की इंधनाचा खर्च वजा, मग होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, उरलेलं हातांमध्ये. ज्याचं काहीच नाही त्याचे हात तरी असतात, हा या व्यवस्थेचा पाया.

बाहेरून आलेल्या माणसाला किनाऱ्यावर काय दिसणार? मोडलेल्या होड्या. मच्छीमाराचं काय गेलं? होडी. त्याला काय द्यायचं? होडी. हे तर्कशास्त्र इतकं सरळ आहे की आजही मला ते पटकन खोडता येत नाही. त्यात कट्टुमरमऐवजी फायबरची होडी द्यावी हे ओघानेच आलं: देतोच आहोत तर चांगलं द्यावं. फायबरची होडी फोटोत छान दिसते, बाजूवर देणाऱ्याचं नाव रंगवता येतं. ओंडक्यांवर नाव कुठे लिहिणार?

पैसा अफाट होता. या आपत्तीला जगाने दिलेल्या प्रतिसादाचा हिशेब पुढे चाळीसहून अधिक संस्थांनी एकत्र येऊन मांडला, २००६ मध्ये. सगळ्या देशांतली मिळून मदत सुमारे १३.५ अब्ज डॉलर. त्यातले साधारण ५.५ अब्ज सामान्य लोकांनी दिलेले. बाधित माणसामागे हिशेब ७,१०० डॉलरवर गेला. त्याच २००४ मध्ये बांगलादेशात महापूर आला होता, तिथे माणशी ३ डॉलर. एवढा पैसा हातात असलेल्या संस्थेची अडचण वेगळीच असते. तिला तो खर्च झालेला दाखवायचा असतो, आणि लवकर दाखवायचा असतो, कारण वर्षाच्या स्मृतिदिनी देणारा विचारणार आहे. घर बांधायला जमीन लागते, मंजुरी लागते, किनाऱ्यापासून किती अंतरावर बांधायचं याचे वाद असतात. होडी सहा आठवड्यांत तयार होते. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या बनवणारे कारखाने रातोरात उगवले. त्यांतल्या काहींचं काम इतकं कच्चं होतं की होड्या फार टिकल्या नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने पहिल्या काही महिन्यांतच सावध केलं होतं: पूर्वीपेक्षा जास्त नौका समुद्रात सोडू नका, किनाऱ्याजवळची मासळी आधीच जास्त उपसली जाते आहे. लाटेने माणसं नेली, होड्या नेल्या, पण मासे काही वाढवले नव्हते. तरीही श्रीलंकेत आणि तमिळनाडूत अनेक ठिकाणी लहान नौकांची संख्या त्सुनामीपूर्वीच्या संख्येपलीकडे गेली.

मग खलाशांची टंचाई झाली. काल जो दुसऱ्याच्या होडीवर जात होता त्याला आज स्वतःची होडी मिळालेली. शेजाऱ्यालाही. त्याच्या शेजाऱ्यालाही. फायबरच्या होडीला चार-पाच माणसं हवीत, आणि सगळेच नाखवा झाल्यावर वल्हं कोण धरणार? काही संस्थांनी यावर उपाय म्हणून चार-पाच जणांच्या गटाला एक होडी दिली. कागदावर फार देखणी कल्पना: सामूहिक मालकी, सहकार. प्रत्यक्षात डिझेल कुणी भरायचं, इंजिन बिघडलं तर कुणी खर्च करायचा, आज जायचं की नाही, यावरून बरेच गट फुटले. एकाने इतरांचे हिस्से विकत घेतले किंवा होडी विकून पैसे वाटून घेतले. भावकीत विहिरीच्या पाळीवरून काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याला आश्चर्य वाटू नये.

शिवाय होडी म्हणजे नुसती होडी नव्हे. सांगाडा, इंजिन, जाळी, आणि जाळी तरी एक कुठे, मासळीच्या हंगामाप्रमाणे वेगवेगळ्या आसांची, म्हणजे लहान-मोठ्या भोकांची. एका संस्थेच्या यादीत सांगाडा, दुसरीच्या यादीत इंजिन, जाळ्यांचं तिसरीने कबूल केलेलं. यातलं एक यायचं राहिलं की उरलेलं वाळूवर पडून.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मूर्खपणाच सगळा. मला तसं म्हणवत नाही. खलाशाच्या जागेवरून बघा. मासळीच्या दलालाकडून उचल घेऊन पिढ्यान् पिढ्या त्याने ठरवलेल्या दराने मासळी देणारा माणूस एका फटक्यात बिनकर्जी होडीचा मालक झाला, हे थोडं नाही. दक्षिणेतल्या मच्छीमार सहकारी संघांचा महासंघ, 'सिफ्स', १९८० पासून याच दलालीच्या फासातून लोकांना सोडवायला झटत होता. आणि जो होडीचा मालक झाला नाही, त्याच्या हाताला तरी भाव आला. खलाशी मिळेनात म्हटल्यावर मालक आगाऊ पैसे देऊन त्यांना धरून ठेवू लागले. दात्यांनी हे ठरवून केलं नव्हतं. पण झालं. नुसती संख्या मोजून 'होड्या जास्त झाल्या' असं लिहिणाऱ्या अहवालांत ही बाजू एखाद्या ओळीत उरकलेली असते, ते मला खटकतं.

वाटपाचं बघू, कारण देणाऱ्यांचा सगळ्यात जास्त जीव तिथे गुंततो: 'खऱ्या गरजूला मिळालं ना?' या गावांत कोळ्यांची स्वतःची पंचायत असते, सरकारी ग्रामपंचायतीपेक्षा वेगळी आणि जास्त वजनाची. 'वरी' म्हणजे गावाची वर्गणी. ती भरणारा प्रौढ पुरुष गावाचा पूर्ण सभासद. बाहेरून येणारी मदत पंचायतीच्या हातून जायची आणि पंचायत ती वरी भरणाऱ्यांमध्ये सारखी वाटायची. ज्याचं सगळं गेलं त्याला जेवढं, ज्याचं थोडं गेलं त्यालाही तेवढंच. बाहेरच्यांना हा अन्याय वाटला. त्यांच्या फॉर्मवर 'नुकसानीच्या प्रमाणात' असं छापलेलं होतं. गावाच्या दृष्टीने सारखं वाटणं हाच न्याय, कारण असमान वाटलं की पुढच्या वर्षी एकत्र रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला कुणी येणार नाही. मला गावाचं म्हणणं समजतं. पण त्या वरीच्या यादीत विधवा नसायची, किंवा अर्धी धरलेली असायची, आणि त्या वर्षी विधवा किती झाल्या होत्या हे सांगायला नको. किनाऱ्यामागच्या वस्त्यांत राहणारे, मासळीच्या धंद्यात मजुरी करणारे दलित तर यादीच्या बाहेरच.

आणि बायका. किनाऱ्यावर आलेली मासळी डोक्यावर घेऊन गावोगाव विकणाऱ्या बायकांच्या कमाईवर निम्मं घर चालतं. पुरुषाचं जाळं दिसतं. बाईचं भांडवल काय, तर ॲल्युमिनियमचं घमेलं, बर्फाला पैसे, बसमध्ये घमेल्यासकट चढू देणारा कंडक्टर, आणि रोज सकाळी सावकाराकडून घेतलेली रक्कम जी संध्याकाळी व्याजासकट परत करायची. लाटेत घमेलं गेलं, सावकाराचं देणं मात्र राहिलं. मासे विकणाऱ्यांना काय हवंय हे विचारणारे उशिरा आले आणि थोडे आले. घमेल्याचा फोटो कोण लावणार? आमच्या पत्रकावरही घमेलं नव्हतं, खरं तर. ते असलंच तर तिसऱ्या चौकोनात होतं, ज्याला आम्ही डिझेल म्हणून हसलो.

पैशाचं हे झालं. वेळ देणाऱ्यांचं काय? नागपट्टिणममध्ये शेकडो संस्था आल्या आणि त्यांच्याबरोबर सुट्टी टाकून आलेले विद्यार्थी, इंजिनिअर, डॉक्टर, गृहिणी. पहिल्या दहा दिवसांत उपसायला, शिजवायला, औषधं वाटायला हात लागतात, तेव्हा ते कामी आले. नंतर मात्र छावणीत एकापाठोपाठ एक गट यायचे आणि मुलांना गोल करून बसवायचे. सकाळच्या गटाने लाटेचं चित्र काढायला सांगितलं, दुपारच्या गटालाही तेच हवं असायचं. अशा वेळी मुलांना रोज नवा पाहुणा नको असतो, ओळखीचं माणूस हवं असतं. त्यामुळे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने मन सावरण्याच्या कामासाठी स्थानिक शिक्षकांना आणि गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवण्यावर भर दिला, तो मला सर्वांत शहाणपणाचा वेळखर्च वाटतो.

असाच आणखी एक वेळखर्च होता, अगदी कंटाळवाणा. 'सिफ्स' आणि 'स्नेहा' या दोन संस्थांनी जिल्हा प्रशासनाला धरून नागपट्टिणममध्ये एक समन्वय केंद्र चालू केलं. काम काय? कोणत्या गावात कोण आहे, कुणी काय कबूल केलंय, कुठे काय आलंच नाही, याच्या याद्या. सकाळ-संध्याकाळ फोन, फळ्यावर गावांची नावं, खाडाखोड. एका गावात तीन संस्था ताडपत्र्या घेऊन भांडताहेत आणि आठ किलोमीटरवरच्या गावात एकही नाही, हे अशा यादीशिवाय कळत नाही. पुण्या-मुंबईहून चार दिवसांसाठी जाणाऱ्या कुणालाही 'तुम्ही टेबलाशी बसून याद्या जुळवा' म्हटलं तर त्याचा चेहरा पडेल. माझाही पडला असता. आपण मदतीला जातो तेव्हा हात चिखलात घालायची इच्छा असते. परत आल्यावर सांगायला काहीतरी हवं असतं.

याच काळात एक अजब गोष्ट घडली, जी मला तेव्हा कळली असती तर मी त्या संस्थेला वेड्यात काढलं असतं. 'मेदसाँ साँ फ्राँतिएर', म्हणजे 'सीमा न मानणारे डॉक्टर', या संस्थेने जानेवारी २००५ च्या पहिल्या आठवड्यातच जाहीर केलं: त्सुनामीसाठी आता पैसे पाठवू नका, आम्हाला जे काम करायचं आहे त्यासाठी पुरेसे जमले आहेत. एवढ्यावर न थांबता त्यांनी आधीच्या देणगीदारांशी संपर्क साधून विचारलं की तुमचा पैसा दुसऱ्या संकटासाठी वापरू का, सुदानमधल्या दार्फुरसारख्या, जिथे कॅमेरे नाहीत. इतर संस्था भडकल्या. देणाऱ्यांचा हात अशाने आखडेल, सगळ्यांनाच फटका बसेल, असं त्यांचं म्हणणं. पण बहुतेक देणगीदारांनी होकार दिला, पैसे परत मागणारे अगदी थोडे निघाले.

या होकाराचं मला अजून नवल वाटतं. तेच लोक, तीच टीव्हीवरची लाट बघून पैसे दिलेले. फक्त एवढाच फरक, की त्यांना कुणीतरी सरळ विचारलं आणि कारण सांगितलं. आमच्या सतरा जणांना कुणी विचारलं असतं, 'होड्या पुरे झाल्या, मासळी विकणाऱ्या बायकांना बिनव्याजी भांडवल देऊ का?' तर आम्ही नाही म्हटलं असतं का? बहुधा नसतं. पण विचारलं नाही, कारण विचारायला भीती वाटते. देणारा होडीवर खूण करून बसलाय, त्याला नको दुखवायला. आणि आम्हीही काही विचारलं नाही, कारण डिझेलच्या विनोदावर हसून झालं होतं. त्या जीपमधून फिरणारा कार्यकर्ता गावोगाव जाऊन खलाशी किती, होड्या किती हे मोजू शकला असता. डिझेल असतं तर.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये संस्थेकडून पाकीट आलं. आभाराचं पत्र, पावती आणि एक रंगीत फोटो. निळी-पांढरी फायबरची होडी वाळूवर, बाजूवर आमच्या ऑफिसचं नाव, स्पेलिंग चुकलेलं. फोटो बरेच दिवस नोटीस बोर्डावर होता; ऑफिस हलवताना तो मी घरी आणला. हे लिहायला बसलो तेव्हा काढून नीट बघितला. होडीला इंजिन नाही. ते दुसऱ्या कुणाकडून यायचं असणार.